एर्लेनबुर्गच्या कोरसातली जागा

मार्व्हा टोलेफसन एर्लेनबुर्गला पहिल्यांदा उतरली ती साडेचार तासांसाठी. सकाळी अकराची गाडी, साडेतीनची परतीची. मधल्या वेळात थिएटरात जाऊन गाऊन दाखवायचं, ‘धन्यवाद’ ऐकायचं आणि पुढचं गाव गाठायचं. १९७४ सालचा ऑक्टोबर होता. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या दिवसाचं तिला ऊन आठवतं, स्टेशनासमोरच्या झाडांखाली पडलेली, पायाखाली घरंगळणारी चेस्टनटची फळं आठवतात आणि उजव्या बुटाचं उसवलेलं टोक आठवतं. आपण काय गायलो ते मात्र आठवत नाही.

नॉर्थ डकोटातल्या आठशे वस्तीच्या गावची ती मुलगी. वडील, ऑर्विन टोलेफसन, गावच्या धान्याच्या कोठाराचे व्यवस्थापक. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. गावातून ऑपेरात गायला युरोपला निघालेली ही पहिलीच पोर, म्हणून चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण झालं होतं. अठरा जणींनी अठरा भांडी भरून आणली होती आणि त्यातल्या अकरा भांड्यांत एकच पदार्थ होता, चीज घातलेला बटाटा. आईनं भाषण केलं. वडील टाळ्या वाजवून खुर्च्या घडी करायला उठले.

त्या काळी मार्व्हासारखे अमेरिकन गायक जर्मनीतल्या दर स्टेशनावर दिसायचे. गळ्याला मफलर, काखेत गाण्याच्या कागदांची बॅग, आणि कुणी थंड सरबत पुढे केलं की दचकून मागे सरणार. मायदेशी ऑपेराची थिएटरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. इथे मात्र जरा बऱ्या गावाला पाणीपुरवठ्यासारखा ऑपेराही नगरपालिकेचाच. गायक पगारी, आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन. हे तिकडच्या गाण्याच्या शाळांमध्ये परीकथेसारखं सांगितलं जायचं.

म्युनिकच्या एजंटनं, हेर डॉक्टर त्स्विकनं, परीकथेतली हवा पहिल्याच दिवशी काढली.

“फ्रॉइलाइन टोलेफसन, आमच्याकडे आवाजांचं कपाट असतं. प्रत्येक आवाजाला एक खण. संतापलेल्या राणीचा वेगळा, खट्याळ मोलकरणीचा वेगळा. तुमचा आवाज मोलकरणीला जड होतो आणि राणीला हलका पडतो. मी तो ठेवू कुठे?”

“मधे कुठेतरी?” मार्व्हानं विचारलं.

“मधे फळी असते.”

तरी त्यानं अकरा थिएटरांची यादी दिली. एर्लेनबुर्ग त्यातलं नववं. आधीच्या आठ ठिकाणी काळोख्या प्रेक्षागृहातून तोच आवाज आला होता, “धन्यवाद, पुरे.” एका गावी तर तिनं तोंड उघडून चार ओळीही झाल्या नव्हत्या. एर्लेनबुर्गला सबंध गाणं ऐकून घेतलं, म्हणून तिला क्षणभर आशा वाटली. मग काळोखातून कुणी तरी म्हणालं, “धन्यवाद. कँटीन तळमजल्यावर आहे. वाटाण्याचं सूप आज चांगलं झालंय.”

ती खाली गेली आणि खरोखरच सूप घेऊन बसली. रडायचं तर गाडीत रडू, तिथे सवय झाली होती. कँटीनच्या भिंतीवर एक लाकडी लाऊडस्पीकर होता. वर रंगमंचावर काय चाललंय ते खाली ऐकू यावं, कुणाची एंट्री चुकू नये, यासाठी तो असायचा. त्यातून बायकांच्या कोरसची तालीम ऐकू येत होती. गाणं तिच्या ओळखीचं होतं, कॉलेजात गायलेलं. वरचा आवाज होता, मधला होता, पण सगळ्यात खालचा, ज्याच्यावर बाकीचे दोन उभे राहतात तो, अगदीच तोकडा पडत होता. पाय मोडलेल्या टेबलासारखं ते गाणं एका बाजूला कलत होतं. सूप फुंकता फुंकता मार्व्हा तो खालचा आवाज गुणगुणायला लागली. आपण गुणगुणतोय हे तिला कळलंही नाही.

“आत्ता म्हणत होतात ते पुन्हा म्हणा बघू.”

शेजारच्या टेबलावर एक सुकलेल्या चेहऱ्याची बाई थर्मास घेऊन बसली होती. थिएटरची प्रॉम्प्टर, फ्राउ झोबोटा.

“मी? मी सूप पीत होते.”

“सूप पिताना म्हणत होतात. म्हणा.”

ती कुजबुजतच बोलत होती. पुढे मार्व्हाला कळलं की ती नेहमी तशीच बोलायची. रंगमंचाच्या पुढच्या पेटीत बसून वीस वर्षं लोकांना विसरलेले शब्द पुरवता पुरवता तिचा स्वतःचा मोठा आवाज कुठे गेला हे तिलाही ठाऊक नव्हतं. मार्व्हानं पुन्हा म्हटलं. फ्राउ झोबोटा थर्मासचं झाकण लावून उठली, वर गेली, आणि तालमीच्या सुट्टीत कोरसच्या मास्तरांना घेऊन आली. हेर फानम्युलर, उंच, वाकलेला माणूस. एका कानामागे पेन्सिल, आणि दुसऱ्या कानामागेही पेन्सिल.

“तुम्ही सहा एकल गाणी तयार करून आणलीत म्हणे,” ते म्हणाले. “मला एकही नको. मला वेगळा ऐकू न येणारा आवाज हवाय.”

मार्व्हाचे कान तापले. “मी सोलो गायला आलेय, हेर फानम्युलर.”

“या गावात येणारी प्रत्येक अमेरिकन सोलो गायलाच येते. आमची उटा बाळंतपणाला गेली, आणि पुढच्या गुरुवारी प्रयोग आहे. तुमची उंची किती?”

“उंचीचा काय संबंध?”

“उटाचा झगा बसायला हवा ना.”

साडेतीनची गाडी गेली तेव्हा मार्व्हा शिवणखात्यात हात वर करून उभी होती आणि एक बाई तोंडात टाचण्या धरून तिची कंबर मापत होती. नोकरी जुलैपर्यंतची होती. तोवर सोलोचं काही तरी जमेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

झगा बसला, पण कागद बसेनात. रोजगार कचेरीत म्हणाले, राहण्याचा परवाना आणा म्हणजे कामाचा देऊ. परदेशी लोकांच्या कचेरीत म्हणाले, काम दाखवा म्हणजे राहण्याचा देऊ. तीन दिवस तिनं या कचेरीतून त्या कचेरीत खेपा घातल्या. मधे छातीचा एक्स-रे झाला. शेवटी हेर फानम्युलर स्वतः बरोबर आले. तिथल्या हेर डेटमर नावाच्या अधिकाऱ्यानं चष्मा पुसून विचारलं,

“हे काम एखादी जर्मन स्त्री का करू शकत नाही?”

“करू शकते की,” फानम्युलर म्हणाले. “उंच, खालच्या आवाजाची, गुरुवारपर्यंत. द्या आणून.”

“माझी बायको गाते.”

“कुठे गातात?”

“घरी. स्वयंपाक करताना.”

“उद्या दहा वाजता पाठवा. मी ऐकतो.”

हेर डेटमर खिडकीबाहेर पाहत राहिला. बायकोचं गाणं त्याच्या कानात चाललं असावं. मग “नको,” एवढंच म्हणून त्यानं शिक्का उचलला.

आजही एर्लेनबुर्गच्या जुन्या लोकांमध्ये ही गोष्ट निघाली की मार्व्हा हसता हसता डोळे पुसते. तेव्हा मात्र तिला हसू येत नव्हतं. तिनं घरी पत्र लिहिलं, ‘मी ऑपेरात गाते आहे.’ यात खोटं एक अक्षर नव्हतं. आईनं ते पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं, आणि गावाच्या साप्ताहिकात तिचा फोटो छापून आला, ‘आपली मार्व्हा जर्मन रंगमंचावर नायिका’. ते कात्रण आलं तेव्हा तिनं ते ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवून दिलं.

पहिले महिने एकाकी गेले. कोरसमध्ये चाळीस माणसं, सगळी एकमेकांना ‘तू’ म्हणायची. तिला मात्र ‘तुम्ही’. “फ्रॉइलाइन टोलेफसन, तुम्ही जरा डावीकडे सरकता का?” “फ्रॉइलाइन टोलेफसन, तुमचा पंखा पडला.” तिच्या भाषेत सगळ्यांना एकच शब्द. या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर असतं ते तिला एर्लेनबुर्गला समजलं. कुणी उद्धट नव्हतं, पण सुट्टीत आलुबुखाराचा केक उघडला की पहिला तुकडा तिला पाहुणीसारखा बशीत घालून मिळायचा. बाकीचे डब्यातून हातानं खायचे.

मग फेब्रुवारीतला तो रविवार आला. दुपारचा प्रयोग, प्रेक्षागृह भरलेलं. तिसऱ्या अंकात एक जागा होती, जिथे सगळा वाद्यवृंद थांबतो, एक दीर्घ शांतता होते, आणि मग कोरस उठतो. मार्व्हा मोजण्यात चुकली. त्या शांततेत, आठशे माणसांसमोर, तिचा एकटीचा आवाज उठला. स्वच्छ, भरदार, सुरात, आणि सगळ्यांच्या एक ठेका आधी. मग बाकीचे आले आणि तो झाकला गेला.

त्या थिएटरातला तिचा तो पहिला सोलो.

पडदा पडल्यावर ती कपड्यांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली. बॅग भरायची, एजंटला काय सांगायचं, आईला काय सांगायचं, सगळं डोक्यात एकदम चालू होतं. तेवढ्यात झगे बाजूला सारत हेडविग ग्रीझे आली. खालच्या आवाजातली सगळ्यात जुनी, अंगानं भरलेली, दर प्रयोगात मार्व्हाच्या उजव्या हाताला उभी राहणारी. चार महिन्यांत ती मार्व्हाशी चार वाक्यं बोलली असेल.

“इथे काय करतेस?”

“फ्राउ ग्रीझे, मला क्षमा करा, मी...”

“हेडविग,” ती म्हणाली. “माझं नाव हेडविग आहे. मी हे सत्तावन्न साली केलं होतं. त्या दिवशी महापौर आले होते. फानम्युलरनं माझ्यावर पेन्सिल फेकली होती. त्या शेवटच्या टोकाच्या गेरलिंडेनं तर दोनदा केलंय, वर म्हणते एकदाच. चल, बाहेर ये. केक संपतोय.”

बाहेर फानम्युलर उभे होते. दोन्ही पेन्सिली कानांमागे जागच्या जागी होत्या. “सूर चांगला होता,” ते म्हणाले, “वेळ वाईट होती.” आणि निघून गेले. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा डब्यातून हातानं केक खाल्ला.

जुलै आला. उटाला दुसरं मूल होणार होतं, करार वाढला. पुढच्या वसंतात पत्र आलं की वडील येताहेत. आईचं कमरेचं दुखणं, म्हणून एकटेच. ऑर्विन टोलेफसन आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. ते शुक्रवारी आले, अंगावर चर्चचा काळा कोट, आणि बॅगेत आईनं भरून दिलेल्या जाममधली एक बाटली फुटलेली.

शनिवारभर मार्व्हा त्यांना सांगणार होती. नदीवर फिरताना सांगणार होती, मग जेवताना सांगणार होती. रविवारी नाश्त्याला अंड्याचं टोक चमच्यानं फोडता फोडता तिनं “डॅड...” अशी सुरुवातही केली. ते म्हणाले, “पाव छान आहे इथला.” आणि तिनं पावाची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. दुपारी त्यांना चौथ्या रांगेतल्या खुर्चीत बसवून ती आत गेली. अंगात गावकरणीचा घागरा चढवला, डोक्याला तसलाच रुमाल बांधला, जसा बाकी एकोणीस जणींच्या डोक्याला होता.

प्रयोग संपल्यावर ती मागच्या दारातून आली तेव्हा ते हातात टोपी धरून उन्हात उभे होते.

“डॅड, मी तुला आधीच सांगायला हवं होतं.”

“काय?”

“की मी त्या सगळ्यांतली एक आहे. मधे उभी राहून गाणारी ती नव्हे. मागच्या ओळीतली.”

तिच्या गावाकडची माणसं उत्तराला वेळ घेतात. ऑर्विननी टोपीची कड दोनदा फिरवली.

“तुझी आई सगळ्यांना सांगते की तू एकटी उभी राहून गातेस. मी काही बोलायचो नाही. मनात म्हणायचो, बिचारी पोर. तिथे ओळखीचं कुणी नाही, आणि उभंही एकटीनंच राहायचं.” मग त्यांनी विचारलं, “तुझ्या शेजारची ती जाड बाई कोण?”

“हेडविग.”

“ती श्वास घेते तेव्हा तू सूर धरून ठेवतेस. मग तू घेतेस तेव्हा ती धरते. शेवटपर्यंत तुमचा सूर कुठे तुटला नाही. मी तेच बघत होतो. गोष्ट काय होती ते मला कळलं नाही.”

चाळीस वर्षं ते चर्चच्या गायनवृंदात मागच्या ओळीत खर्जात गात आले होते. त्यांना कधी कुणी एकट्यानं गायला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्या रविवारी ते आजारी पडले असते. मार्व्हाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही, मागच्या ओळीचं त्यांना कळेल, हे कधी सुचलं नव्हतं. तिनं त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि त्यांना कँटीनमध्ये नेलं.

हेडविगनं केक आणलाच होता. ऑर्विनना जर्मन येत नव्हतं आणि हेडविगला इंग्रजी. दोघंही एकमेकांना मोठ्यानं, सावकाश, आपापल्या भाषेत समजावत होते. फानम्युलरनी मार्व्हाला विचारलं, “वडील कुठल्या आवाजात गातात?”

“खालच्या. अगदी खालच्या.”

“मग गप्प का बसलेत? आमच्याकडे खालचे कायम कमी.”

मार्व्हाला वाटलं, ते गाणार नाहीत. पण ऑर्विननी तोंडातला घास संपवला, रुमालानं ओठ पुसले, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच पूर्वजांच्या भाषेतलं एक जुनं नॉर्वेजियन भक्तिगीत सुरू केलं. सांजेचं, निजण्याआधीचं. पहिलं कडवं ते एकटे गायले, टेबलाकडे बघत, कान लाल. दुसऱ्या कडव्याला पत्ते खेळणाऱ्या पुरुषांनी पत्ते पालथे ठेवून नुसत्या हुंकारानं सूर धरला. मग हेडविग आली, मग वरचे आवाज. शब्द कुणालाच येत नव्हते. मार्व्हा उठून हेडविगजवळ जाऊन बसली. फ्राउ झोबोटासुद्धा गायला लागली, मोठ्यानं. तिचा आवाज खरखरीत होता आणि सुरापासून बराच खाली होता. फानम्युलरनी डोळे मिटून घेतले, पण थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी वडील परतले. गावी जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण आईच्या पुढच्या पत्रात ‘नायिका’ हा शब्द नव्हता. ‘डॅड म्हणतो, तिथली माणसं चांगली आहेत,’ एवढं होतं. सहा वर्षांनी हिवाळ्यात ते गेले. तेव्हा मार्व्हा घरी गेली, चर्चमध्ये खालच्या आवाजाच्या बायकांमध्ये उभी राहिली आणि ओळखीचीच गाणी गायली. मागच्या ओळीतली त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती.

सोलोचा नाद एकदम सुटला असं मात्र नव्हे. सत्त्याहत्तर साली उत्तरेकडच्या नॉर्डहाइड नावाच्या गावातून बोलावणं आलं. छोट्या भूमिका, पण नावानिशी, कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या. तिनं हेडविगला विचारलं.

“जा,” हेडविग म्हणाली. “नाही गेलीस तर जन्मभर मला ऐकवशील.”

ती गेली. एक हंगाम तिनं दाया, मावश्या, राणीच्या सख्या गायल्या. वाईट नाही गायली. एका वर्तमानपत्रानं तिला ‘विश्वासार्ह’ म्हटलं. पण भाड्याच्या खोलीत एकटीनं भूमिका पाठ करायची, विंगेत एकटीनं वाट बघायची, पुढे जायचं, गायचं, मागे यायचं. लांबलेला सूर धरला की श्वास संपेपर्यंत आपला आपणच धरायचा. मार्चमध्ये हेडविगचं कार्ड आलं. एका बाजूला गावच्या पुलाचं चित्र, दुसऱ्या बाजूला, ‘उटाचं तिसरं. फानम्युलर विचारतो.’ मार्व्हानं ते कार्ड आठवडाभर आरशाच्या कडेला खोचून ठेवलं. मग नॉर्डहाइडच्या कचेरीत जाऊन, पुढच्या वर्षी आपण नाही, असं सांगून आली.

त्यानंतरची एकोणीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत आणि तीच तिला सगळ्यांत जास्त आठवतात. पावसात भिजलेल्या कोटांचा कँटीनमधला वास. घाईघाईत एकमेकींच्या पाठीची बटणं लावणं. दर नाताळात लहान मुलांसाठीचा तोच तो ऑपेरा, आणि दर नाताळात गेरलिंडेची त्याच जागी शिंक. फानम्युलर निवृत्त झाले तेव्हा कोरसनं त्यांना चाळीस पेन्सिली दिल्या. फ्राउ झोबोटा गेली तेव्हा चर्चमध्ये सगळा कोरस उभा होता आणि पाद्री शब्द विसरला.

सत्त्याण्णव साली नगरपालिकेनं ऑपेरा बंद केला. शेजारच्या मोठ्या शहराचा ऑपेरा महिन्यातून दोनदा बसनं येईल, असं ठरलं. शेवटच्या प्रयोगाला टाळ्या इतक्या वेळ चालल्या की कोरसला पुढे येऊन काय करायचं ते कळेना. त्यांना एकेकट्यानं वाकायची सवय नव्हती. शेवटी सगळ्यांनी हात धरले.

दोन आठवड्यांनी मार्व्हा रोजगार कचेरीत गेली. एकोणपन्नासाव्या वर्षी, दुसऱ्यांदा. काउंटरमागच्या मुलीनं कॉम्प्युटरवर तिचं नाव घातलं.

“तुम्हाला काय काम येतं?”

“मी खालच्या आवाजात गाते.”

“आणि?”

“शिवण थोडं. मुलांचे झगे उसवले की.” मग म्हणाली, “मोजता येतं. शांतता असली की किती वेळ थांबायचं ते कळतं. आता चुकत नाही.”

मुलगी हसली नाही. तिनं बराच वेळ पडद्यावर खाली-वर शोधलं आणि म्हणाली, “संगीतशाळेत कचेरीत एक जागा आहे, अर्ध्या दिवसाची. शिवाय त्यांना मुलांच्या कोरससाठी कुणी तरी हवंय. मुलं फार गोंधळ घालतात म्हणे.”

“किती आहेत?”

“छत्तीस.”

“खालच्या आवाजात किती?”

मुलीनं पुन्हा पाहिलं. “इथे तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग कमीच असतील,” मार्व्हा म्हणाली आणि पत्ता लिहून घ्यायला तिनं पर्समधून कागद काढला.